काहीच हलवू नका

२ जानेवारी २०२५, प्रकाशा

आमच्या नव्या कार्यक्रमाच्या दिग्दर्शिका चारुलता मॅडमनी सगळ्यांना बजावलं आहे, प्रोसेस जर्नल ठेवा. काम करताना मनात येईल ते लिहायचं, मग त्यातले बरे तुकडे त्या कार्यक्रमाच्या पुस्तिकेत छापणार. त्यांच्यासाठी लॅपटॉपवर एक इंग्रजी जर्नल चालू आहे, त्यात मी 'मातीची हाक' वगैरे लिहितो. ही वही माझी. मराठीत आहे, म्हणजे मॅडम काही वाचायच्या नाहीत आणि मला खोटं लिहायचं कारण नाही.

माझा धंदा काय, तर मुंबईत मयंकच्या कंपनीत कार्यक्रमांसाठी व्हिडिओ बनवणं. लग्नात स्टेजमागच्या भल्यामोठ्या पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उडतात आणि त्यांतून वधूवरांची नावं उमटतात ना, ती मी उमटवतो. पाच वर्षं चित्रकला शिकून. मयंक नंदुरबारच्या इंदरचंद शेठचा मुलगा, शाळेत माझ्या बाकावर बसायचा. कापडाचं दुकान सोडून तो मुंबईत इव्हेंटवाला झाला आणि मलाही ओढून घेऊन गेला. उपकारच म्हणायचे.

आता मात्र खरं काम आलंय. एका बिल्डरच्या समुद्राकाठच्या टॉवरचं फेब्रुवारीत उद्घाटन आहे. अंधारा हॉल, चारी भिंतींवर आणि जमिनीवरही पडदे, पाहुणे चित्राच्या आत चालणार. विषय 'मुळं'. ज्यांची मुळं कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक नाही अशा लोकांसाठी. मीटिंगमध्ये सगळे वडाच्या पारंब्या, वडाच्या पारंब्या करत होते. मी मोबाइलवरचा घरच्या कानबाईचा, म्हणजे आमच्या खानदेशी देवीचा, जुना व्हिडिओ दाखवला. नारळाला डोळे, नथ, हिरवं लुगडं, बायकांची गाणी. मॅडम म्हणाल्या, "बस, यही चाहिए." आयुष्यात पहिल्यांदा माझी गोष्ट कुणाला हवी होती.

अडचण एकच. आमच्याकडे कानबाई बसते श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आणि सोमवारी सकाळी तिला तापीवर बोळवतात. आता पौष चालू आहे. म्हणजे आईला पटवायचं.

४ जानेवारी

आई पटली. अर्धीच पटली आधी.

"पौषमा कानबाई?" म्हणाली. "तुन्हं डोकं ठिकानवर शे ना?"

"शूटिंग शे माय. खरीखुरी थोडीच बठाडनी शे."

"मंग बजारनं नारय चाली."

बाजारचं नारळ मला चालणार नव्हतं. आमचं नारळ पणजोबांच्या वेळचं आहे, देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या डब्यात असतं. वर्षानुवर्षांच्या हळदीकुंकवाने आणि तेलाने ते इतकं काळंभोर, चमकदार झालंय की चार भिंती भरून दिसलं तर माणूस जागच्या जागी थांबेल. हे मी आईला सांगितलं. गहू निवडतानिवडताच ती म्हणाली,

"ते काढं तं ती खरीच बठी, हेमू. मंग तिले आशीच नही उठाडता येवाव."

म्हटलं, खरीच बसली तर सोमवारी सकाळी रीतसर उठवून नदीवर नेऊ, मला तोही सीन हवाच आहे. शूटिंगही होईल, बोळवणही होईल. तिने हिशोब केला. मंगळवारी तिला धानोऱ्याला जायचंय, गजरामावशीकडे. मावशी दिवाळीपासून अंथरुणाला खिळली आहे. आईची ती एकुलती बहीण, आईची आई गेली तेव्हा आईला तिनेच वाढवलं.

"सोमवारे सरी जाई ना सर्वं?"

"सरी जाई."

मग निवडत होती त्यातूनच तिने सव्वा मूठ गहू बाजूला काढले. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळीचे. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ घ्यायची, त्याचा रोट भाऊबंदांनीच खायचा. आमच्या घरात आता पुरुष म्हणजे मी एकटा. मूठभर गव्हाचा तो ढीग बघून मला हसू आलं. तिला नाही आलं.

५ जानेवारी

आजच्यासारखा दिवस गेल्या दहा वर्षांत गेला नाही. समोरच्या घरातली छबूकाकू आणि गल्लीतल्या बायका नटून आल्या. दोधूकाका (बाबांचे चुलत भाऊ, भाऊबंदांत आता तेच मोठे) आधी तोंड वाकडं करून ओट्यावर बसले. "देवनं नाटक करतस का रे?" म्हणाले. कॅमेरा लागल्यावर तेच टोपी बदलून आले.

चौरंग, केळीचे खांब, झेंडूच्या माळा. नारळ ठेवायची वेळ आली तेव्हा आईने ते माझ्या हातात दिलं. "तूच ठेव. ज्यान्हा हातघाई बठस, त्यान्हाच हातघाई उठस." म्हणजे ज्याने बसवली त्यानेच उठवायची. बाबा गेल्यापासून हे काम दोधूकाका करत होते, मी श्रावणात कधी घरी नसतोच. ठेवलं. छबूकाकूने गाणं धरलं आणि खरं सांगतो, हातावर काटा आला. इंग्रजी जर्नलसाठी चांगलं वाक्य आहे, उद्या लिहीन.

आई तर जन्मजात नटी निघाली. कुंकू लावायचा शॉट मी चार वेळा घेतला, कधी तिची सावली यायची, कधी हात थरथरायचा. दर वेळी लावून झालं की शॉट चांगला आला का म्हणून माझ्याकडे वळून विचारायची, "बरं उनं का? का परत करू?" बायका हसून लोळायच्या. शेवटी तीच चिडवत होती मला.

दुपारी आईला म्हटलं, जरा बाहेर ओट्यावर ये, दारातून आत येतानाचा एक शॉट घेऊ. ती आली नाही. कानबाई बसलेली असताना आमच्यात घरची बाई उंबरा ओलांडत नाही आणि दिवा विझू देत नाही. हा नियम मी विसरलोच होतो. एका रात्रीचा तर प्रश्न असतो, कुणाच्या लक्षात राहणार.

संध्याकाळी मयंकचा फोन. सुरतेला साडीवाल्यांचा मोठा कार्यक्रम आहे, पडद्यावरचं चित्र मधोमध फाटतंय, त्याचा तिथला माणूस पळून गेला. "हेम्या, इज्जत जाई मन्ही. आत्ते निंघ." मुंबईत तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो. अडला की अहिराणी.

६ जानेवारी, सुरत

पहाटे निघालो. नदीचा सीन राहिला. आईला सांगितलं, परवा येतो आणि मग करतो. निघताना बजावलं, काहीच हलवू नका. फूलसुद्धा. एका सीनमध्ये झेंडू डावीकडे आणि पुढच्यात उजवीकडे दिसला की सगळं काम वाया जातं. कंटिन्युइटी म्हणतात त्याला, पण एवढं कुठे समजावत बसू. लाइटचा स्टँड, पांढरा थर्माकोल, जमिनीवर चिकटवलेल्या पट्ट्या, सगळं जिथल्या तिथे ठेवून आलोय.

आई म्हणाली, "रोट तरी खाई जाय." बस चुकली असती.

९ जानेवारी, मुंबई

सुरतहून परस्पर मुंबईला यावं लागलं. मॅडमना जेवढं शूट झालंय तेवढं बघायचं होतं. बघून त्या खुर्चीतून उठल्या. "हेमकांत, यू आर अ पोएट." मयंकने माझ्या पाठीवर थाप मारली, जणू मला त्यानेच प्रसवलं.

आईचा फोन आला होता. कव्हय येशी? म्हटलं, या आठवड्यात.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ मयंकने ऑफिसमध्ये वाटला, साखरेचा, डबीत घालून, डबीवर कंपनीचं नाव.

घरी फोन केला. आई म्हणाली, गजराले बरं नही, ती आठवन काढी ऱ्हायनी. मी म्हटलं, मी येतोच आहे, आलो की नदीवर जाऊ, मग तू जा. "बरं. मी बठेल शे." रागाने नाही म्हणाली, पण मला लागलंच. बसली आहे म्हणे. अरे, मीही इथे खुर्चीला खिळूनच बसलोय ना रात्रंदिवस.

१८ जानेवारी

नदीचा सीन रद्द.

मॅडम म्हणतात, तापी चालणार नाही. मी मोबाइलवर घाटाचे फोटो दाखवले. धरणामुळे पाणी संथ आहे, कडेला शेवाळ आहे. "इट लुक्स सो... टायर्ड." शिवाय टॉवर समुद्रासमोर आहे, तर देवी समुद्रात जावी असं बिल्डरचं म्हणणं. पाणी कॉम्प्युटरवर बनवून घेणार, एक मुलगा दोन दिवसांत करतो. मी भांडलो. म्हटलं, आमची कानबाई समुद्र ओळखत नाही. तिला तापी माहीत, फार तर गोमाई. सगळे माझ्याकडे दया आल्यासारखे बघत राहिले. मयंक, ज्याने स्वतः लहानपणी प्रकाशाच्या घाटावरून उड्या मारल्यात, तो म्हणाला, "क्लायंट इज राइट, यार."

दुसऱ्याच्या देवीला उचलून आपल्या सोयीच्या पाण्यात बुडवायचं, आणि वर त्याला मुळं म्हणायचं! असल्या माणसांना कशाचंच काही वाटत नाही. समोरचा माणूस त्यांच्या दृष्टीने सामान असतो. दोन पानं भरतील इतका संताप आहे, पण झोप येतेय.

घरी कळवायला हवं की आता शूटिंग नाही.

२० जानेवारी

कळवलं नाही. कारण लिहून ठेवतो, इथे तरी खोटं नको. सगळ्या भाऊबंदांना मी सांगून ठेवलंय की नदीवर तुम्ही सगळे दिसणार, मुंबईत चार भिंतींवर दिसणार. छबूकाकूने त्यासाठी नवं लुगडं घेतलंय म्हणे. आता रद्द झालं म्हटलं की दोधूकाका पारावर बसून गावभर करणार, हेम्याले मुंबईमा कोन इचारस म्हणून. त्यापेक्षा येतो-येतो म्हणत राहणं सोपं. कार्यक्रम झाला की जाईन आणि एकदाचं सांगून टाकीन.

तर आज आईनेच विचारलं. "दोधू म्हनस, मीच उठाडी देस तिले, नदीवर लई जाऊत. मी म्हनं, हेमूले इचारस. बठाडनी त्यानी, उठाडी बी तोच. पन तू म्हनशी तं..."

मी घाईने म्हटलं, "नको नको! काहीच हालावू नका, माय. सर्वं काम वाया जाई."

"नही हालावत," म्हणाली. "तुन्हं काम खोटी नही व्हवाले जोयजे."

फोन ठेवल्यावर जरा कसंसंच झालं. पण काय बिघडतंय? चौरंग आहे, कोपऱ्यात आहे, राहील.

२७ जानेवारी

आईचे फोन वाढलेत. नेमके मीटिंगच्या वेळी येतात. आज म्हणाली, गजरा काही खात नाही, नथ्थूने (मावशीचा मुलगा) फोन तिच्या कानाशी धरला तर नुसती आईच्या नावाने शीला-शीला करत होती.

"मंग जाई ये ना तू," मी म्हटलं. "धानोरा कितलं लांब शे? सकाळी जाय, दुपारे ये."

"उंबरा कशी वलांडू? आनि दिवा कोना भरोसे टाकू?"

"लाइटना दिवा लाई दे. महिना महिना नही विझावत."

मी गंमत केली. ती म्हणाली, "थंडी भलती शे आवंदा." आणि ठेवला. या वयात माणसं हट्टी होतात, दुसरं काय. दोन तासांचा तर प्रवास. जायचं नाही ते नाही आणि मला ऐकवायचं.

३१ जानेवारी

हॉलच्या दारात लागणारा बोर्ड छापून आला. 'मुळं. संकल्पना आणि निर्मिती : चारुलता'. खाली बारीक अक्षरांत मयंकच्या कंपनीचं नाव. माझं कुठेच नाही. विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "टेक्निकल टीम की लिस्ट बुकलेट में होगी ना."

टेक्निकल टीम! देव माझा, घर माझं, आई माझी, नारळ पणजोबांचं, आणि मी टेक्निकल. मयंककडे गेलो. तो म्हणाला, "नावले काय करस? चाटस का? पुढलं काम तुलेच दिसू." आणि त्याच दमात सांगितलं की बिल्डरला शेवटी टॉवरचं नाव हवंय. कानबाई पाण्यात गेली की झेंडूच्या पाकळ्या उडतात आणि त्यांतून नाव उमटतं. "पाकळ्या तं तुन्हा हातना मळ शे."

केलं. दुपारभरात केलं. चांगलं झालं, हीच तर शोकांतिका आहे.

ज्याच्या जिवावर सगळं उभं त्यालाच विसरायचं, ही या शहराची रीत. त्याला कुणी विचारतसुद्धा नाही की बाबा रे, तुझं काय चाललंय.

४ फेब्रुवारी

गजरामावशी गेली. नातेवाइकांच्या ग्रुपवर नथ्थूने टाकलं. लहानपणी उन्हाळ्यात मी तिच्याकडे असायचो. पन्हं करायची, मला एक पेला जास्तीचा द्यायची आणि नथ्थूला सांगू नको म्हणायची. रडू आलं. टॉयलेटमध्ये जाऊन रडलो, बाहेर क्लायंट बसले होते.

आईला फोन केला. "हा," म्हणाली. "गयी."

"तू तिकडेच शे ना?"

"नही. घर शे."

म्हणजे जाऊन आली असणार. एवढ्यात परतली, तब्येत बरी नसेल. मी म्हटलं, मला शनिवारपर्यंत हलता येत नाही, दहाव्याला नक्की येतो. "ये," म्हणाली. मागे घंटी वाजल्यासारखी वाटली.

९ फेब्रुवारी

काल झालं.

बाहेर फुलांची कमान, आत अंधार. दार उघडलं की समोर आमचं नारळ, दोन मजले उंच. मी भिंतीला लागून उभा होतो, काळा शर्ट, कानात इयरफोन. पाहुणे आत येताना खरंच थांबत होते. एका म्हाताऱ्या बाईने चप्पल काढली. मला भरून आलं. मग कळलं, चप्पल टाचेला चावत होती.

नंतर दारूचे पेले आले आणि लोक जमिनीवरच्या पडद्यावर उभे राहून गप्पा मारायला लागले. त्यांच्या बुटांखाली छबूकाकू फुगडी खेळत होती. आईचा हात कुंकू घेऊन पुढे यायचा आणि त्याच्यावर कुणाची तरी सावली पडायची. दर पाच मिनिटांनी कानबाई निळ्या समुद्रात जायची, पाकळ्या उडायच्या, टॉवरचं नाव यायचं, टाळ्या पडायच्या, आणि लगेच ती पुन्हा चौरंगावर बसलेली असायची. चित्र फिरतं ठेवलं होतं, थांबणारच नाही असं. शेवटी शेवटी मला बघवेना. एकदा बुडाली ना, मग जाऊ द्या की तिला.

मॅडमनी भाषण केलं. खेड्यातल्या बायकांच्या श्रद्धेने त्या हेलावून गेल्या होत्या. प्रकाशा हा उच्चार त्यांनी तीनदा चुकवला. मयंक पुढच्या रांगेत टाळ्या वाजवत होता. पुस्तिका पाहिली, टेक्निकल टीममध्ये 'हेमंत' छापलंय.

११ फेब्रुवारी, प्रकाशा

काय लिहू. क्रमाने लिहितो.

दुपारी पोचलो. आई दारात आली, उंबऱ्याच्या आतच थांबली. खूप वाळली आहे. अंगावर लुगड्यावरून चादर गुंडाळलेली. मी म्हटलं, शाल कुठे गेली तुझी?

आत गेलो. चौरंग तसाच. केळीचे खांब वाळून काळे पडलेले, झेंडूच्या माळा सुकून दोरीला चिकटलेल्या, एक फूल गळून पाटावर पडलेलं, तेही तिथेच. नारळाची नथ मी वाकडी करून ठेवली होती तशीच वाकडी. दिवा जळत होता. जमिनीवरच्या माझ्या पट्ट्या तशाच, त्यांच्या कडेकडेने झाडून काढलेलं. लाइटचा स्टँड आणि थर्माकोल कपाटाला टेकवून ठेवला होता, तोही तसाच. शाल त्या कपाटात होती.

"तू म्हनेल व्हतं ना," आई म्हणाली, "काहीच हालावू नको."

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. छबूकाकू समोरच्या दारातून आली. एरवी ती माझे गाल ओढते. आज उभीच राहिली.

"उना का? कोनी सांगं का तुले? का सांगू मी? दोन पाय चालतस, बस दारवरथून जास, आनि सख्खी बहीन मरी गयी तरी तुन्ही माय नही गयी. मी म्हनं, दिवा मी दखस, तू जाय. तं म्हने, उंबरा नही वलांडावत. दोधू म्हने, उठाडी देऊत. तं म्हने, हेमूनं काम शे, तो नको म्हनस. मरानी बातमी उनी, तवय बी आठेच. राख तं आठेच लयनात, आपला घाटवर. नथ्थू दारमा उभा ऱ्हायना, मावशी चाल म्हने, चार पावलं शे. तिनी आठेतून हात जोडात. तो म्हने, बहीनपेक्षा तुले टीव्ही मोठा व्हयना. आनि थुकीसन चालना गया." काकू ओट्याची पायरी चढून जवळ आली. "कसं काय शूटिंग शे रे भो तुन्हं, जे सरस नही?"

शूटिंग अठरा जानेवारीलाच सरलं होतं. हे मी काकूला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. मागच्या पानांवर मी लिहिलंय, समोरचा माणूस त्यांच्या दृष्टीने सामान असतो. चारुलता मॅडमबद्दल लिहिलंय. आत्ता ते वाचलं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

आईने रोट केला होता. माझ्या त्या सव्वा मुठीचं पीठ तिने डब्यात जपून ठेवलं होतं. समोर बसून मला खायला लावला. पीठ जुनाट लागत होतं. सगळा खाल्ला.

हात धुतल्यावर तिने एकच गोष्ट विचारली. मावशीबद्दल नाही.

"कॅमेरा लई उना ना?"

"हा," मी म्हटलं.

"मोठा नही दिखत."

"आते फोनमा बी भारी येस, माय."

१२ फेब्रुवारी

सकाळी नदीवर गेलो. छबूकाकूने नवं लुगडं नेसलं नव्हतं. दोधूकाका आले, माझ्याशी बोलले नाहीत. गल्लीतल्या दोनचार बायका. वाजंत्री नाही.

चौरंग मी उचलून आईच्या डोक्यावर दिला. तिने उंबरा ओलांडला आणि उन्हाने डोळे मिटून घेतले, क्षणभर भिंतीला धरून उभी राहिली. मी फोन काढून पुढे पुढे उलटा चालायला लागलो, जसं खऱ्या शूटिंगला चालतात. तिला वाटायला हवं होतं की याचसाठी ती बसून होती. तेवढं एक खोटं तरी मला नीट वठवायचं होतं.

घाटावर पाण्यात हार आणि राखेची रिकामी गाडगी तरंगत होती. रोजचंच आहे आमच्याकडे, लांबलांबून लोक राख घेऊन येतात. आई गुडघाभर पाण्यात उतरली. नारळ तीनदा बुडवून तिने ओटीत घेतलं, ते घरी न्यायचं असतं. सुकलेल्या माळा सोडल्या. गाणं कुणी धरलं नाही.

मग आईने पाण्यात दोन्ही हात घातले आणि हेल काढला.

"गजरा वं... मन्ही माय वं... तू आठेलोंग उनी वं, मी चार पावलं उनू नही वं... तू हाका मारी मारी गयी वं..."

इतका मोठा आवाज तिच्यात आहे हे मला माहीत नव्हतं. बाबा गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. पाण्यावर हात आपटत होती, भिजत होती, ओटीतलं नारळ छातीशी धरून गजरा-गजरा करत होती. काकू तिच्याकडे धावली. दोधूकाकांनी तोंड फिरवलं. मी जायला हवं होतं. पण फोन खाली केला असता तर तिला कळलं असतं की हे कशासाठीच नव्हतं. म्हणून मी धरूनच ठेवला. आणि हात आपोआप स्थिर झाला, नदीची रेघ सरळ केली, तिचा चेहरा मधोमध घेतला. इतकी वर्षं हेच तर केलंय.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. ओंजळीने तोंड धुतलं, पदर सारखा केला, आणि पाण्यातूनच माझ्याकडे वळली.

"बरं उनं का रे?" म्हणाली. "का परत करू?"

"बरं उनं, माय," मी म्हटलं.

ती बाहेर आली आणि रिकामा चौरंग माझ्या हातात दिला.